तालुक्याच्या गावी पुस्तकाचे दुकान

मार्गशीर्ष सरून पौष लागला म्हणजे औंढा नागनाथच्या परिसरातील शेतीचे रूप पालटू लागते. सोयाबीन केव्हाच बाजारात गेलेले असते, कापसाच्या वेचण्या संपत येतात, तुरीच्या शेंगा वाळतात, हरभरा घाट्यावर येतो आणि हळदीची पाने पिवळी पडू लागतात. शेतकऱ्याच्या हाती वर्षातला पहिला पैसा याच दिवसांत खुळखुळतो. देणेकऱ्यांचे भागवून जो काही उरतो तो खर्चण्याचे दिवसही हेच. रात्र मोठी, थंडी बोचरी, शेतातले काम थोडे हलके. वाचनासाठी याहून अनुकूल ऋतू मराठवाड्यात नाही. उन्हाळा पाण्याच्या चिंतेत जातो, पावसाळा पेरणीच्या.

योगायोग असा की, मराठी पुस्तकाचा हंगामही हाच आहे. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाचे वर्ष दिवाळीपासून सुरू होते असे म्हणावयास हरकत नाही. दिवाळी अंक हातावेगळे होतात न होतात तोच जिल्ह्याजिल्ह्यांतून शासनाचे ग्रंथोत्सव भरू लागतात. डिसेंबरात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर 2023 पासून पुस्तक महोत्सव भरतो आहे. 14 ते 28 जानेवारी हा मराठी भाषा संवर्धनाचा पंधरवडा, 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन. आणि या सर्वांच्या मध्ये कोठे तरी अखिल भारतीय साहित्य संमेलनाचा मांडव पडतो. संमेलनातील परिसंवाद ओस पडले तरी ग्रंथविक्रीच्या गाळ्यांपुढे खांद्याला खांदा भिडतो, हे संमेलनांना जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे.

तथापि हा सारा हंगाम पाहुण्यासारखा येतो आणि जातो. 1995 साली संमेलन परभणीस भरले. नारायण सुर्वे अध्यक्ष होते. हिंगोली जिल्हा तोवर वेगळा झालेला नव्हता, तो 1 मे 1999 रोजी झाला. म्हणजे औंढ्याच्या दृष्टीने ते स्वतःच्या जिल्ह्याच्या गावी आलेले संमेलन होते. त्यानंतर इतकी वर्षे गेली. संमेलनाच्या मांडवात एखाद्या शिक्षकाने चार पुस्तके घेतली असतील आणि वाचून त्याला पाचव्याची तहान लागली असेल, तर ते पाचवे पुस्तक त्याने कोठून आणावयाचे? मुद्दा एवढाच आहे. जत्रेत मिळणाऱ्या वस्तूची सवय लागत नाही, हौस फिटते. सवय लागते ती रोजच्या वाटेवरच्या दुकानाने.

तालुक्याच्या गावी दुकान नसते असे नाही. 'बुक डेपो' अशी ठळक पाटी महाराष्ट्राच्या बहुतेक तालुक्यांच्या गावी दिसते. आत मात्र वह्या, कंपासपेट्या, मार्गदर्शके, अपेक्षित प्रश्नसंच, तलाठी व पोलीस भरतीची जाडजूड पुस्तके, आणि अलीकडे लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचे ढीग. कथा-कादंबरी मागितली तर दुकानदार नम्रपणे हसतो. त्या हसण्यात त्याचा दोष नाही. त्याचे गणित बरोबर आहे, आणि ते गणित समजून घेतल्याखेरीज वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर अश्रू ढाळण्यात अर्थ नाही. असे अश्रू दर भाषादिनी पुष्कळ ढाळले जातात.

समजा, एका कादंबरीची किंमत 300 रुपये आहे आणि दुकानदाराला तिच्यावर 35 टक्के सूट मिळाली. हाती 105 रुपये राहिले. गिऱ्हाईक दहा टक्के तरी मागणारच. 30 रुपये तेथे गेले. पार्सल पुण्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून आणावयाचे, त्याचे भाडे. उरलेल्या साठ-सत्तर रुपयांतून जागेचे भाडे, वीज आणि पोराचा पगार. तरीही हा व्यवहार तोट्याचा ठरला नसता, जर ती कादंबरी महिन्याभरात विकली गेली असती. ती आठ महिने फळीवर बसते. याच्या उलट मार्गदर्शकावरचा नफा प्रतीमागे कमी असला तरी जूनमध्ये आणलेला गठ्ठा जुलैत संपतो आणि तेच खेळते भांडवल वर्षातून अनेकदा फिरते. दुकानदाराला वाङ्मयाचे वावडे नसते. त्याचे भांडवल अडकून पडते, एवढेच. आणि फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आली की हिवाळ्यातील उरलीसुरली फळीही प्रश्नसंचांच्या ताब्यात जाते.

या गणितात गेल्या काही वर्षांत आणखी एक आकडा शिरला आहे. घरबसल्या पुस्तक मागविण्याची सोय झाली. मोठ्या विक्री कंपन्या छोट्या दुकानदाराला जी सूट मिळते तीच सरळ गिऱ्हाइकाला देऊ लागल्या. गावातल्या वाचकाचे यात काही काळ कल्याण झाले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यंत्रावर तेच पुस्तक शोधता येते ज्याचे नाव आधीच ठाऊक आहे. ज्याला अजून काहीच ठाऊक नाही त्या अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती अनोळखी पुस्तक ठेवून "हे वाच, नाही आवडले तर परत आण" असे सांगणारा माणूस दुकानातच उभा असतो.

असा माणूस मुंबईत साठ वर्षे उभा होता. टी. एन. शानभाग यांनी 1948 साली कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात पुस्तकांची एक टपरीवजा मांडणी केली; पुढे तिचे फोर्टात दुकान झाले, नाव मात्र चित्रपटगृहाचेच राहिले. पुस्तक न घेता तासभर चाळत उभे राहण्याची मुभा, प्रत्येक पुस्तकावर 20 टक्के सूट, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवण्याची हातोटी, ही त्या दुकानाची तीन शस्त्रे. हिवाळ्यात सुंदराबाई सभागृहात 'स्ट्रँड'ची विक्री लागली की मुंबईतले कारकून, प्राध्यापक, विद्यार्थी पिशव्या घेऊन तेथे लोटत. तेथून वर्षभराची बेगमी घरी जाई, जशी औंढ्यात डाळींची जाते. 2003 साली शानभाग यांना पद्मश्री मिळाली. ग्रंथविक्रेत्याला असा मान लाभणे ही आपल्याकडे नवलाचीच गोष्ट. 2009 मध्ये ते गेले आणि फेब्रुवारी 2018 मध्ये दुकानाचे दारही बंद झाले. भाड्या-भांडवलाच्या ओझ्याखाली मुंबईत जे टिकले नाही ते हिंगोली जिल्ह्यात कसे टिकावे, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त दिसतो, पण तो उलटाही विचारता येईल. फोर्टातील जागेची किंमत काय आणि तालुक्याच्या गावातील गाळ्याची काय? मुंबईत दुकान जागेने मारले. तालुक्यात ते गिऱ्हाइकाच्या विरळपणाने मरते. रोग दोन आहेत, औषधेही दोन लागतील.

मराठीत ग्रंथविक्रीचा इतिहास असा दरिद्री नाही. गणेश रामराव भटकळ यांनी 1924 साली मुंबईत 'पॉप्युलर बुक डेपो' काढला. गिरगावातील 'मॅजेस्टिक' तर पदपथावरून दुकानात गेले आणि केशवराव कोठावळे यांनी जानेवारी 1964 मध्ये 'ललित' मासिक सुरू करून नव्या पुस्तकाची वार्ता गावोगावच्या ग्रंथपालापर्यंत पोचविली. पुस्तक विकणाऱ्यानेच वाचक घडवावयाचा असतो, ही जाण त्या पिढीला होती. परंतु ही सारी नावे मुंबई-पुण्याची. मराठवाड्यात गोष्ट वेगळी घडली. निजामी राजवटीत शिक्षणाचे माध्यम उर्दू, सभा-संमेलनांवर निर्बंध. तेव्हा मराठी पुस्तकाचा आश्रय दुकानाला नव्हे, वाचनालयाला मिळाला. परभणीचे गणेश वाचनालय विसाव्या शतकाच्या आरंभीचे. अशा वाचनालयांनी केवळ पुस्तके दिली नाहीत, चळवळीची माणसेही दिली. 1955 मध्ये हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. म्हणजे या एका बाबतीत मराठवाडा उर्वरित महाराष्ट्राच्या बारा वर्षे पुढे होता. अनुशेषाच्या चर्चेत ही नोंद सहसा कोणी करीत नाही.

अनुशेषावरून आठवते. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1984 साली रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतील प्रादेशिक असमतोल मोजला. ते काम थोर होते. मात्र त्या गणितात पुस्तकाच्या दुकानाला रकाना नव्हता, आणि तो असावा असे कोणाला वाटलेही नाही. दुकान हा खाजगी व्यवहार, शासनाचा तेथे काय संबंध, असे आपण धरून चाललो. अन्य देशांनी तसे धरलेले नाही. फ्रान्सने 1981 साली कायदा करून पुस्तकाच्या छापील किमतीवर 5 टक्क्यांहून अधिक सूट देण्यास मनाई केली. हेतू हा की, मोठ्या दुकानाने सवलतीच्या जोरावर गल्लीतल्या छोट्या दुकानाचा गळा घोटू नये. पुढे घरपोच विक्रीचा जमाना आला तेव्हा 2023 पासून 35 युरोंहून कमी किमतीच्या पुस्तकांवर किमान 3 युरो पोचणावळ आकारण्याची सक्ती तेथे झाली. उलट इंग्लंडातील ठरीव किमतीचा करार 1900 पासून चालत आलेला होता, तो 1990 च्या दशकात मोडला आणि पुढील काळात तेथील स्वतंत्र दुकाने झपाट्याने रोडावली.

फ्रान्सचा कायदा जसाच्या तसा येथे आणावा असे कोणी म्हणणार नाही. तीनशे रुपयांचे पुस्तक ज्याला जड जाते त्या विद्यार्थ्याची सूट काढून घेणे हा सोपा न्याय नव्हे. पण शासनाच्या हातात जे आहे ते तरी नीट वापरावयास काय हरकत आहे? छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, याचा अभिमान मिरविला जातो. परंतु कागदावर आणि छपाईवर तो आहे आणि पुस्तकच करमुक्त असल्याने प्रकाशकाला त्याची वजावट मिळत नाही, तेव्हा तो भार अखेर किमतीत येऊन बसतो. टपालखात्याने छापील पुस्तकांसाठी असलेली स्वस्त नोंदणी टपालाची सेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद केली, तेव्हा छोट्या प्रकाशकांनी हाय खाल्ली. मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाले: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, वर कर. ज्या गावाला रेल्वे नाही आणि ज्याचा पुस्तकाशी संबंध केवळ टपालानेच येतो, त्या औंढ्यासारख्या गावाला एवढा आधारही थोडा नाही. मात्र तो आहे हे किती दुकानदारांना ठाऊक आहे?

सातारा जिल्ह्यातील भिलार 4 मे 2017 रोजी 'पुस्तकांचे गाव' झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ती कल्पना सुचली. पुढे मराठवाड्यात वेरूळची अशीच निवड झाली. वेरूळला घृष्णेश्वर, औंढ्याला नागनाथ. यात्रेकरूंची वर्दळ दोन्हीकडे आहे, आणि योजना विस्तारत असेल तर औंढ्याचे नाव पुढे यावयास हरकत नसावी. पण एक भेद लक्षात ठेविला पाहिजे. हे-ऑन-वाय हे विक्रीचे गाव आहे. तेथे रिचर्ड बूथ नावाच्या विक्षिप्त गृहस्थाने 1960 च्या दशकाच्या आरंभी जुन्या पुस्तकांचे दुकान घातले आणि दुकानामागून दुकाने आली. भिलारला पुस्तके आहेत ती वाचावयास आहेत. पर्यटक पान उलटतो, छायाचित्र काढतो, महाबळेश्वरची वाट धरतो. विकत घेतलेले पुस्तक घरी जाते, धाकट्या भावाच्या हाती पडते, शेजाऱ्याकडे जाऊन परत येत नाही. आणि हा न परतणारा प्रवासच वाचन वाढवितो.

बरे, औंढ्यात उद्या दुकान निघाले तर त्याने या हिवाळ्यात फळीवर मांडावे तरी काय? या भागाच्या वाचकाला लांब जावे लागत नाही. नरहर कुरुंदकर याच मुलुखातले. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे त्यांचे मूळ गाव. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादेत, भर सभेत व्यासपीठावरच त्यांना मृत्यू आला तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. इंटरच्या परीक्षेत पुनःपुन्हा नापास होणारा हा माणूस पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. गुणपत्रिकेच्या चिंतेत झुरणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगितले पाहिजे. 1970 च्या 'शिवरात्र'मध्ये गांधीहत्येपासून हिंदू-मुस्लिम प्रश्नापर्यंत त्यांनी जे लिहिले ते वाचून कोणत्याही पक्षाचा वाचक पूर्णपणे सुखावत नाही, आणि हाच त्या पुस्तकाचा मोठा गुण. ज्याला एकच पुस्तक परवडते त्याने ते घ्यावे.

ज्याला गोष्ट हवी त्याने रा. रं. बोराडे यांची 1971 ची 'पाचोळा' घ्यावी: एका शिंप्याच्या संसाराची वाताहत, त्याच्या बायकोच्या तोंडून, या भागाच्या बोलीत. आपण घरात बोलतो ती भाषा छापून येऊ शकते, हा धक्का गावातल्या पहिल्या पिढीच्या वाचकाला फार मोलाचा असतो. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला 2016 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. परभणीच्या भूमीतील आजच्या शेतकऱ्याची, गावच्या राजकारणाची कोंडी त्यात आहे. कवितेसाठी इंद्रजित भालेराव यांचे 'पीकपाणी' पुरे. मुक्तिसंग्रामाची माहिती 17 सप्टेंबरच्या भाषणांतून घेण्यापेक्षा अनंत भालेराव यांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' या ग्रंथातून घ्यावी. तो जाड आहे. पौषाच्या रात्रीही मोठ्या आहेत.

आणखी एक पुस्तक औंढ्याला आता लागणारच. गावाजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्राची तत्त्वतः मान्यता, एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. जगातील हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या स्थळांत या तालुक्याची गणना होईल. भूसंपादन आणि रोजगार यांची चर्चा गावात होते, ती व्हावीच; पण तेथे नेमके काय मोजणार हे दहावीच्या मुलाने कोणाला विचारावयाचे? 2025 च्या मे महिन्यात निवर्तलेले जयंत नारळीकर यांचे 'आकाशाशी जडले नाते' त्या मुलाच्या हाताशी असावे. शेकडो कोटींचे यंत्र गावात येईल आणि विश्वाविषयी सोप्या मराठीत लिहिलेले एक पुस्तक मात्र गावात विकत मिळणार नाही, असे घडले तर तो विनोद कोणावर होईल?

गिऱ्हाइकाच्या विरळपणावर औषध काय, हा प्रश्न उरतो. केवळ वाङ्मय विकणारे दुकान तालुक्यात चालणार नाही हे मान्य केले पाहिजे. तसे ते असण्याची गरजही नाही. मार्गदर्शकांच्या दुकानातच एक फळी, साठ-सत्तर पुस्तकांची, राखता येते. प्रकाशकांनी ती पुस्तके विकली जातील तेव्हा पैसे आणि न विकली गेल्यास परत, या बोलीवर ठेवावी. आवृत्तीच मुळी पाचशे-हजार प्रतींची, ती गोदामात पडून राहण्यापेक्षा फळीवर पडून राहिलेली बरी. अनुदानित वाचनालये आणि शाळा वर्षाची खरेदी मार्चअखेर घाईघाईने जिल्ह्याच्या किंवा बाहेरच्या पुरवठादाराकडून उरकतात. त्यातील चौथा हिस्सा तालुक्यातील दुकानातून घेण्याचा दंडक घातला, तर दुकानदाराला बुडण्याची भीती उरणार नाही. अभ्यासिकांतून भाड्याच्या खुर्चीवर दिवसाचे बारा तास बसणारी मुले आहेत. त्यांना कोणी तरी तेरावा तास द्यावयास हवा.

आणि मुळात औंढ्यात पुस्तक विकले जात नाही हे तरी कोठे खरे आहे? ज्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांनी नामदेवांचे डोळे उघडल्याची कथा महाराष्ट्राला पाठ आहे, त्याच देवळाभोवती महाशिवरात्रीला पाले पडतात. त्यांत पोथ्यांची असतात. अठराव्या शतकात श्रीधराने बारामतीत लिहून संपविलेले 'शिवलीलामृत' आजही तेथे विकले जाते. लाल कापडाची बांधणी आणि बारीक टाइप वेगळा, भाव वेगळा. गिऱ्हाईक मोठ्या अक्षराची मागते. हरिपाठ, व्रतकथा, आरत्या, नव्या वर्षाचे पंचांग. तो पोथीवाला गिऱ्हाइकाकडे पाहूनच ओळखतो की, हिला संपूर्ण पोथी हवी की नुसता अकरावा अध्याय. उधार-उसनवारी सांभाळतो, उरलेला माल पुढच्या जत्रेला नेतो. शानभाग जे फोर्टात करीत तेच तो धुळीत बसून करतो.

यंदाच्या शिवरात्रीला हिंगोलीच्या किंवा परभणीच्या एखाद्या ग्रंथविक्रेत्याने त्याच्याशी बोलून 'शिवलीलामृता'शेजारी कुरुंदकरांच्या 'शिवरात्र'च्या दहा प्रती ठेवून पाहाव्या. नाव पाहून कोणी पोथी समजून उचलील, दोन पाने चाळील, ठेवून देईल. एखादा ठेवणार नाही. विकल्या न गेलेल्या प्रती फाल्गुनात परत पाठविता येतील. टपालखर्च शंभर रुपयांच्या आसपास येईल.